प्रकरण दुसरं: शिक्षणावरचं संशोधन शोधायचं कुठे?

शिक्षणशास्त्रातला मराठी प्रबंध उघडला की दुसऱ्या प्रकरणाचं नाव बहुधा ठरलेलं असतं: संबंधित संशोधन साहित्याचा आढावा. आतली मांडणीही ठरलेली. आधी परदेशातील संशोधने, मग भारतातील, मग महाराष्ट्रातील. प्रत्येकाचं शीर्षक, उद्दिष्टे, नमुना, निष्कर्ष आणि शेवटी प्रस्तुत संशोधनाशी असलेलं साम्य व भेद. एम.एड.च्या लघुप्रबंधात हेच प्रकरण जरा आखूड होऊन येतं. मांडणीबद्दल माझी तक्रार नाही. पण एकाच विषयावरच्या चार-पाच प्रबंधांतली ही प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली, तर तीच ती जुनी संशोधनं पुन्हा पुन्हा भेटतात, कित्येकदा त्याच शब्दांत. एकाने मूळ संशोधन वाचलेलं असतं, दुसऱ्याने पहिल्याचं दुसरं प्रकरण आणि तिसऱ्याने दुसऱ्याचं.

याचं खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडलं जातं. मला ते पटत नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीत अभ्यास करणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक पाचशे पानांचा प्रबंध लिहितो; त्याला कष्टांचं वावडं नाही. त्याला शोधायला कोणी शिकवलेलं नसतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की त्याला ज्याची सर्वांत जास्त गरज असते, ते मराठी शाळांबद्दलचं मराठीतलं लेखन, कुठल्याच डेटाबेसमध्ये नीट नोंदलेलं नाही. या लेखात उपलब्ध साधनांचा आढावा घेताना मला या दोन्ही गोष्टींकडे पाहायचं आहे.

भारतात शैक्षणिक संशोधन नोंदवून ठेवण्याचं काम एकेकाळी हाताने झालं होतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या सेंटर ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशन या केंद्रातून एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली 1974 साली शैक्षणिक संशोधनाचं पहिलं सर्वेक्षण निघालं. देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध आणि प्रकल्प गोळा करून, विषयवार लावून, प्रत्येकाचा सारांश द्यायचा, असं त्याचं स्वरूप. दुसरं 1979 मध्ये आलं. पुढची सर्वेक्षणं एनसीईआरटीने प्रकाशित केली. पाचव्या सर्वेक्षणात 1988 ते 1992 या काळातलं आणि सहाव्यात 1993 ते 2000 या काळातलं संशोधन आहे. अध्यापक महाविद्यालयांच्या ग्रंथालयात आजही हे जाडजूड खंड 'बुचचा सर्व्हे' म्हणूनच मागितले जातात. अमुक विषयावर देशात काय झालंय, या प्रश्नाला एका जागी उत्तर देणारं दुसरं साधन तेव्हा नव्हतं. मराठी प्रबंधांत जुनीच नावं का फिरत राहतात, याचं एक कारण इथे सापडतं. विषयवार लावलेला, सारांशासह हाती येणारा ऐवज साधारण 2000 सालापाशी थांबतो. त्यानंतरचं संशोधन आहे, भरपूर आहे, पण ते कोणी तसं लावून ठेवलेलं नाही.

जगात शिक्षणविषयक साहित्य शोधायचं पहिलं ठिकाण म्हणजे एरिक. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा हा डेटाबेस 1964 साली सुरू झाला. त्यात पंधरा लाखांहून अधिक नोंदी आहेत आणि तो कुणालाही, कुठूनही, फुकट वापरता येतो. नोंदींचे दोन प्रकार आहेत. क्रमांकाआधी ईजे असेल तर तो नियतकालिकातला लेख, ईडी असेल तर अहवाल, परिषदेतला निबंध किंवा तत्सम दस्तऐवज. ईडी नोंदींपैकी पुष्कळांची पूर्ण प्रत तिथेच मिळते. सदस्यत्व नसलेल्या शिक्षकासाठी हे फार मोलाचं आहे, आणि तरीही आपल्याकडच्या अनेक बी.एड., एम.एड. वर्गांत एरिकचं नावही घेतलं जात नाही.

एरिकची खरी ताकद त्याच्या थिसॉरसमध्ये आहे. लेखकाने काहीही शब्द वापरलेले असोत, नोंद करणारा माणूस लेख वाचतो आणि ठरलेल्या शब्दसूचीतले डिस्क्रिप्टर त्याला जोडतो. एकाने 'अर्ली रीडिंग' लिहिलं, दुसऱ्याने 'लर्निंग टू रीड', तरी दोघांच्या नोंदीवर 'बिगिनिंग रीडिंग' हा एकच डिस्क्रिप्टर येऊ शकतो. म्हणून एरिकमध्ये शिरताना आधी थिसॉरस उघडावा, आपल्या विषयाचा तिथला शब्द शोधावा, त्याच्या वरचे, खालचे आणि शेजारचे शब्द पाहावेत आणि मगच शोधाला लागावं. दहा मिनिटांच्या या कामाने पुढचे कित्येक तास वाचतात. एक चांगला लेख हाती लागला की त्याच्या नोंदीवरचे डिस्क्रिप्टर उतरवून घ्यावेत आणि त्यांनी पुन्हा शोधावं, हा दुसरा हमखास उपाय.

पण हा शब्दकोश कोणाच्या नजरेतून रचला आहे, तेही लक्षात ठेवायला हवं. एरिकमध्ये अमेरिकेबाहेरच्या कुठल्याही देशावरच्या अभ्यासाला 'फॉरिन कंट्रीज' हा डिस्क्रिप्टर लागतो. चंद्रपूरच्या आश्रमशाळेवरचा अभ्यास आणि फिनलंडच्या शाळेवरचा अभ्यास त्याच एका खणात. 'पब्लिक स्कूल' म्हणजे तिथे सरकारी शाळा. आपल्याकडे त्या नावाखाली खाजगी शाळा चालतात. एरिकमध्ये मराठी शोधायला गेलं की 1970च्या दशकात मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी तयार केलेली मराठीची संदर्भ-व्याकरणासारखी पुस्तकं भेटतात. ती फलटणशी नातं असलेल्या विदुषींनी केलेली, उत्तम आणि आजही उपयोगी पुस्तकं आहेत. पण ती आहेत परदेशी प्रौढांनी मराठी कशी शिकावी याबद्दल. मराठी हीच घरची बोली असलेलं सहा वर्षांचं मूल मराठी कसं वाचायला शिकतं, हा प्रश्न त्या डेटाबेसच्या बांधणीच्या वेळी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता. शिवाय हा डेटाबेस अमेरिकी सरकारच्या पैशावर चालतो. 2025 च्या एप्रिलमध्ये त्याचा निधी थांबण्याची वेळ आली होती. पुढे तो कमी पैशात चालू राहिला, पण नोंदल्या जाणाऱ्या स्रोतांची संख्या घटली. साठ वर्षांचं साधन एका अर्थसंकल्पी निर्णयाने डगमगू शकतं, हे आपल्यालाही विसरून चालणार नाही.

एरिकखेरीज एब्स्को, प्रोक्वेस्ट यांसारख्या कंपन्यांचे शिक्षणविषयक डेटाबेस आहेत. विद्यापीठाने वर्गणी भरली असेल तर ते जरूर वापरावेत, नसेल तर अडून बसण्याचं कारण नाही. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे मुख्यतः कोणी कोणाला उद्धृत केलं, याची नोंद ठेवतात. 2019 च्या अखेरीस विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम आणला आणि त्यात डेटाबेसवर एक घटकही ठेवला. पाऊल चांगलं होतं. मात्र तो घटक उद्धरणांच्या मोजमापाकडे झुकलेला आहे. विषयाचा शोध कसा घ्यावा, हे त्यातून हाती लागत नाही.

गूगल स्कॉलर सगळेच वापरतात आणि वापरावंच. त्याची खरी उपयुक्तता 'साइटेड बाय' या दुव्यात आहे. जुना महत्त्वाचा लेख सापडला की तो पुढे कोणी कोणी वापरला, हे एका टिचकीवर कळतं. पण स्कॉलर कोणते स्रोत धुंडाळतो याची यादी तो देत नाही, त्याला विषयांची ठरलेली शब्दसूची नाही, आणि निकाल लाखांत दाखवले तरी पहिल्या हजारापलीकडे जाता येत नाही. म्हणून केवळ त्याच्या भरवशावर 'या विषयावर संशोधन झालेलं नाही' असं वाक्य प्रबंधात लिहू नये. हल्ली संभाषण करणाऱ्या एआय साधनांकडे संदर्भ मागण्याची सवय लागते आहे. ही साधनं अस्तित्वात नसलेल्या लेखांची खरी वाटावीत अशी शीर्षकं, वर्षं आणि लेखकांची नावं रचून देऊ शकतात. तिथून मिळालेला प्रत्येक संदर्भ मूळ ठिकाणी जाऊन, उघडून पाहिल्याशिवाय वापरणं ही वाचकाची फसवणूक ठरते, मग हेतू काहीही असो.

आता वाचायला मिळण्याबद्दल. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिकं आणि 6,300हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा पसारा आहे. अंमलबजावणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे आहे. सेज, टेलर अँड फ्रान्सिस, स्प्रिंगर, वायली हे शिक्षणविषयक नियतकालिकांचे मोठे प्रकाशक त्यात आहेत. गडचिरोलीच्या सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला दिल्लीतल्या प्राध्यापकाइतकंच वाचता येणं ही साधी गोष्ट नाही. मात्र महाराष्ट्रात शिक्षक घडवणाऱ्या संस्थांपैकी फार मोठा भाग खाजगी आहे आणि विनाअनुदानित अध्यापक महाविद्यालयं या पहिल्या टप्प्याबाहेर आहेत. म्हणजे ज्या वर्गात उद्याचा शिक्षक बसला आहे, तिथे ही दारं अजून उघडलेली नाहीत. महाविद्यालयांसाठी अल्प वार्षिक शुल्कात चालणारी एन-लिस्ट योजना काही प्रमाणात ही उणीव भरून काढते. आणि दारं उघडली तरी कुठला लेख मागायचा, हे आधी माहीत असावं लागतं. वाचायला मिळणं ही एक गोष्ट, सापडणं ही दुसरी. पैसा पहिलीवर खर्च होतो आहे.

एक प्रश्न घेऊन हे सगळं तपासून पाहू: पहिली-दुसरीतली मुलं मराठी वाचायला कशी शिकतात? इंग्रजीत 'मराठी रीडिंग' एवढंच टाइप करणाऱ्याला थोडंच काही मिळेल आणि तो निराश होईल. प्रश्नाचे तुकडे करायला हवेत. वाचन शिकणं हा एक भाग. त्यासाठी 'बिगिनिंग रीडिंग', 'अर्ली लिटरसी', 'इमर्जंट लिटरसी' हे शब्द 'ऑर'ने जोडायचे. लिपी हा दुसरा भाग, आणि इथेच खरी मेख आहे. भारतीय लिप्यांवरचं इंग्रजी संशोधन 'अक्षर' याच शब्दाने, रोमन लिपीत लिहून, ओळखलं जातं. शिवाय 'अल्फासिलॅबरी' आणि 'अबुगिडा' या नावांनीही. हे तिन्ही 'ऑर'ने जोडायचे आणि दोन्ही गट 'अँड'ने. असा शोध घेतला की सोनाली नाग यांचा 2007 सालचा, 'जर्नल ऑफ रिसर्च इन रीडिंग'मधला कन्नड वाचनावरचा अभ्यास समोर येतो. भाषा कन्नड असली तरी प्रश्न आपलाच आहे: बाराखडी आणि जोडाक्षरं धरून अक्षरांची संख्या मोठी असते, ती आत्मसात व्हायला वर्षं लागतात, आणि सुटे ध्वनी ओळखण्याची जाणीव इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या मानाने उशिरा येते. 'मराठी' या शब्दावर अडून बसलेल्याला हा लेख कधीच भेटला नसता. त्याच्या संदर्भांतून मागे जायचं, 'साइटेड बाय'मधून पुढे यायचं, की या विषयावर कोण काय म्हणतंय ते दिसू लागतं.

तरीही या प्रश्नावरचं आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं काम अशा शोधातून निसटू शकतं. भारतीय भाषांतल्या साक्षरतेवरचा 'लिरिल' हा प्रकल्प महाराष्ट्रातल्या वाडा तालुक्यात मराठीवर आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नडवर झाला. वर्गातलं शिकवणं आणि मुलांचं शिकणं यांचा दीर्घकाळ मागोवा घेणारा त्याचा अहवाल 2017 साली अझीम प्रेमजी विद्यापीठ आणि टाटा ट्रस्ट्स यांनी प्रसिद्ध केला. तो नियतकालिकातला लेख नाही, अहवाल आहे. भारतात शाळांबद्दलचं कितीतरी भरीव लेखन अशाच अहवालांच्या रूपात स्वयंसेवी आणि संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर असतं आणि डेटाबेस फक्त नियतकालिकं चाळत असेल तर ते हाती लागत नाही. संस्थांच्या संकेतस्थळांवर थेट जाऊन शोधणं हा म्हणून आढाव्याचा नियमित भाग असायला हवा. ठिकाणांच्या नावांचीही काळजी घ्यावी लागते. वाडा तालुका 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, नंतर पालघरमध्ये आला. केवळ 'पालघर' टाइप करणाऱ्याला त्याआधीच्या काळातले, तिथल्याच आदिवासी पाड्यांवर झालेले अभ्यास दिसणार नाहीत.

प्रबंधांसाठी शोधगंगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि आज इन्फ्लिबनेटच्या या भांडारात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, सर्वांसाठी खुले. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे शिक्षणशास्त्रातले मराठी प्रबंधही त्यात मोठ्या संख्येने आहेत. पूर्वी ज्यासाठी कोल्हापूर किंवा पुणे गाठावं लागे, ते आता घरी बसून वाचता येतं.

पण मराठी प्रबंध शोधताना शोधगंगा अपुरी पडते, आणि त्याची कारणं बारकाईने समजून घेण्यासारखी आहेत. एकाच विभागातल्या एका प्रबंधाचं शीर्षक देवनागरीत नोंदलेलं असतं, दुसऱ्याचं रोमन लिपीत मराठी उच्चारांसह, तिसऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून. त्यामुळे एकच शोध तीन वेळा घ्यावा लागतो. दुसरी अडचण फॉन्टची. अनेक वर्षं मराठी प्रबंध श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप झाले, जे युनिकोड नाहीत. पडद्यावर पान स्वच्छ मराठीत दिसतं, पण संगणकाच्या लेखी आतली अक्षरं वेगळीच असतात. 'वाचन' हा शब्द पानभर असला तरी शोधात तो सापडत नाही. काही प्रबंध तर निव्वळ स्कॅन केलेली चित्रं आहेत. तिसरी अडचण भाषेच्या स्वभावातली. मराठीत नाम जसंच्या तसं क्वचितच राहतं. शाळा, शाळेतील, शाळांमधील. विद्यार्थी, विद्यार्थ्यांच्या, विद्यार्थिनींचे. जिथे तारका (*) वापरता येते तिथे 'शाळ' किंवा 'विद्यार्थ' इतकंच लिहून पुढे तारका दिली तर ही रूपं एकत्र मिळतात. पण 'मूल' घ्या. त्याचं 'मुलांचे' झालं की दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो आणि तारकेचा उपयोग संपतो. दोन्ही रूपं वेगळी द्यावी लागतात. 'वाचन क्षमता' की 'वाचनक्षमता', 'हिंदी' की 'हिन्दी', असे लेखनभेद तर आहेतच. इंग्रजीसाठी लिहिलेल्या कुठल्याही शोध-मार्गदर्शिकेत यातलं काहीही सांगितलेलं नसतं. मराठी संशोधकासाठी ते मराठीतच, मराठी उदाहरणांनी लिहावं लागेल.

आणि जे शोधगंगेत येतच नाही त्याचं काय? एम.एड.चे लघुप्रबंध महाविद्यालयाच्या कपाटात राहतात. शिक्षकांनी केलेल्या कृतिसंशोधनांचे अहवाल जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये जमा होतात आणि पुढे कोणी पाहत नाही. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेचं 'जीवन शिक्षण', राज्य मंडळाचं 'शिक्षण संक्रमण', पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं 'शिक्षण आणि समाज', 'पालकनीती', 'शैक्षणिक संदर्भ' यांत शिक्षकांनी, कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी वर्षानुवर्षं लिहिलं आहे. ताराबाई मोडकांच्या 'शिक्षणपत्रिके'पासूनचा हा साठा आहे. बालवाडीत गणित कसं यावं, बहुवर्ग शाळा एका शिक्षकाने कशी चालवावी, घरची बोली आणि पुस्तकातली मराठी यांतलं अंतर कसं मिटवावं, अशा प्रश्नांवर त्यात जे अनुभवातून लिहिलं गेलं आहे, ते कुठल्या परदेशी नियतकालिकात मिळणार नाही. काही अंक संस्थांच्या संकेतस्थळांवर आहेत. पण अंक उपलब्ध असणं म्हणजे लेख सापडणं नव्हे. विषयवार, लेखकवार सूची नसल्याने या साऱ्या लेखनाचं दुसऱ्या प्रकरणात नावही येत नाही, आणि विद्यार्थ्याला प्रामाणिकपणे वाटतं की मराठीत या विषयावर काही नाही.

सध्या तरी या साठ्याकडे जाण्याची वाट माणसांमधून जाते. पुण्यातलं जयकर ज्ञानस्रोत केंद्र, शिवाजी विद्यापीठातलं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, मुंबईतलं एसएनडीटी विद्यापीठाचं ग्रंथालय, अशा ठिकाणी जुने अंक आणि जुने प्रबंध जागेवर माहीत असलेले ग्रंथपाल भेटतात. विषय ठरवण्याच्या आधी, सिनॉप्सिस लिहिण्याच्याही आधी, त्यांच्यासमोर बसून आपला प्रश्न सांगावा. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचं पद कित्येक वर्षं भरलेलंच नाही आणि त्याची किंमत संशोधन मोजतं आहे; ग्रंथपालाला मार्गदर्शकाइतकंच संशोधनाच्या प्रक्रियेत स्थान हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. संशोधकानेही आपला शोध लिहून ठेवावा: कोणत्या दिवशी, कुठे, कोणते शब्द, किती निकाल, त्यातले किती ठेवले आणि का. झोटेरो हे मोफत साधन देवनागरी नोंदीही सांभाळतं. अशी शोधवही प्रबंधाच्या परिशिष्टात जोडली, तर पुढच्या विद्यार्थ्याला तिथून पुढे जाता येईल.

सूची करणं मराठीला नवीन नाही. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची जवळजवळ एकहाती केली, आणि त्यांच्या नावाच्या सूचिमंडळाने 1950 पर्यंतच्या नियतकालिकांतल्या लेखांपर्यंत ते काम नेलं. त्यांच्याकडे संगणक नव्हता. आज राज्यातल्या विद्यापीठांत ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प करावाच लागतो. एका विद्यार्थ्याने एका शैक्षणिक मासिकाचा एक वर्षाचा संच घ्यायचा, प्रत्येक लेखाचं शीर्षक, लेखक, अंक, पानं युनिकोडमध्ये नोंदवायची आणि ठरलेल्या मराठी शब्दसूचीतले विषयशब्द त्याला जोडायचे. ती शब्दसूची आधी बनवावी लागेल: 'आश्रमशाळा', 'वस्तीशाळा', 'बहुवर्ग अध्यापन', 'साखरशाळा', 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन', असे शब्द, त्यांची पर्यायी रूपं आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द. शिक्षणशास्त्राच्या आणि ग्रंथालयशास्त्राच्या विभागांनी एकत्र बसून करायचं हे काम आहे. सुरुवात 'जीवन शिक्षण'पासून करता येईल, कारण ते सरकारी मासिक आहे आणि त्याचा वाचक प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत आहे.